मदत हवी आहे: अंगणवाडीच्या नोंदी आणि सर्वेक्षणाचे आकडे जुळत नाहीत, अहवालात काय लिहू?

तळजाई:

नमस्कार मंडळी,

पुण्यात मुलांच्या धोरणांवर संशोधन करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी डेटा ॲनालिस्ट आहे. त्याआधी हिंजवडीत विक्रीच्या आकड्यांचे डॅशबोर्ड करायचे. इकडे आले ती मनापासून आले, पण संस्थेत आकडेवारीचं माणूस मी एकटीच, त्यामुळे अडलं की विचारायला कुणी नसतं. सर्वेक्षणात, महिला-बालविकासात किंवा आरोग्य खात्यात काम केलेल्यांनी जरा सविस्तर लिहावं, ही विनंती.

जिल्ह्यातल्या काही तालुक्यांतल्या लहान मुलांच्या पोषणावर आम्ही अहवाल करतोय. तो झेडपीच्या बैठकीत मांडला जाईल. हाताशी तीन गोष्टी आहेत: अंगणवाड्यांच्या महिन्याच्या मूलवार नोंदी, बीटवार लावलेल्या (बीट म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांचा गट), एनएफएचएस-५ चा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा, आणि आमच्या टीमने निवडक गावांत घरोघर जाऊन घेतलेली वजनं-उंच्या.

या तिन्हींचं आपसात पटत नाही. अंगणवाडीच्या नोंदींत सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलं शेकड्यात मोजकीच दिसतात. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं लुकडी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, आणि ३५.२ टक्के खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली आहेत. २०१५-१६ च्या एनएफएचएस-४ मध्येही लुकडेपणा २५.६ टक्केच होता आणि खुजेपणा ३४.४. म्हणजे दोन सर्वेक्षणांत राज्याचं चित्र जवळपास तेच, आणि नोंदवहीत मात्र मूल सुधारलेलं. आमची स्वतःची मोजमापं सर्वेक्षणाच्या बाजूला झुकतात, पण ती गावं थोडी आहेत.

वरिष्ठांचं म्हणणं, बैठकीत तीन आकडे नेले तर चर्चा आकड्यांवरच संपेल, मुलांपर्यंत पोचणारच नाही. एक आकडा आणि बीटांची क्रमवारी द्या. त्यांची अडचण मला कळते. अधिकाऱ्यांकडे वेळ कमी असतो आणि यादीत जे वर असेल तिथे पैसा आणि माणसं आधी जातात.

पण क्रमवारी लावून पाहिली आणि माझं मन बसेना. सर्वांत ‘वाईट’ दिसणारं बीट नेमकं ते आहे, जिथे सेविका प्रत्येक मुलाची उंची खरोखर मोजतात. आमच्या टीमने त्याच गावांत पुन्हा मोजलं तेव्हा त्यांचे आकडे आमच्याशी जुळले. उलट जे बीट सर्वांत ‘चांगलं’ आहे, तिथे सलग काही महिने बऱ्याच मुलांची उंची मिलिमीटरनेही बदललेली नाही. वाढीच्या वयातलं मूल इतके महिने आहे तिथेच राहत नाही. मी ही क्रमवारी दिली तर जाब विचारला जाईल तो नीट काम करणाऱ्या बायकांना. आणि ज्या बीटात कुपोषित मुलं नोंदीतच नाहीत, तिथे अशा मुलांना गावातच खास आहार देणारं ग्राम बाल विकास केंद्र सुरूच होणार नाही. त्या मुलांचं काय?

तर मुख्य प्रश्न हा, की दोन आकडे एकमेकांविरुद्ध असताना अहवालात ते कसे मांडायचे, म्हणजे मोजणारीला शिक्षा होणार नाही आणि न मोजलेलं मूलही दिसेल?

सोबत आणखी काही:

एनएफएचएसच्या मूळ डेटातल्या केआर (मुलांच्या) फाइलमधून मी खुजेपणा काढला तर छापील अहवालाशी थोडा फरक येतो. भार (सर्वेक्षणाचं वेट) लावलाय, तरीही.

काही गावांत मुलांच्या जन्मतारखा महिन्याच्या १ तारखेलाच फार आहेत, आणि १ जून तर हमखास. हे डेटातून वगळू का?

निधी देणाऱ्यांना परिशिष्टात गाववार यादी हवी आहे. काही वाड्यांत सॅम मूल एकच आहे. गावाचं नाव छापलं की अख्ख्या वाडीला कळणार कुणाचं ते.

आणि स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचा परवाना घेण्याजोगे पैसे नाहीत. त्याऐवजी आर हे सॉफ्टवेअर चालेल ना?

---

संख्याकारण:

शेवटून सुरुवात करतो. आर चालेल, फुकट आहे, त्यातलं सर्व्हे पॅकेज शिका. क्लस्टर (एकगठ्ठा निवडलेली घरं) आणि स्तर न सांगता नुसता भार लावला तर टक्केवारी बरोबर येते, पण तिच्यातली अनिश्चितता खरीपेक्षा लहान दिसते.

केआर फाइलचं कारण साधं आहे. तिच्यात मुलाखत झालेल्या आईचीच मुलं असतात. पोषणाचा छापील तक्ता घरातल्या सगळ्या पाच वर्षांखालच्या मुलांवर असतो, आई वारलेली असो, बाहेरगावी असो किंवा मुलाखतीला हजर नसो. म्हणून पीआर फाइल घ्या, तिच्यात घरातलं प्रत्येक माणूस असतं. तिच्यातले रकाने असे: उंची-वय एचसी७०, वजन-वय एचसी७१, वजन-उंची एचसी७२. आदल्या रात्री घरात मुक्कामी असलेली मुलं तेवढी ठेवा, एचव्ही१०३ वरून ती कळतात. झेड-स्कोअर (मूल त्या वयाच्या मध्यकापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते) शंभरपट लिहिलेले असतात, म्हणजे -२०० च्या खालचं मूल खुजं. ९९९६ पासून पुढचे कोड गाळा, नाहीतर ती मुलं प्रचंड उंच धरली जातील. भार एचव्ही००५ ला दहा लाखांनी भागून. एवढं केलंत की आकडा जुळायला हवा.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही आकड्यांची सरासरी मात्र काढू नका. त्यांचे छेदच वेगळे आहेत. अंगणवाडीचा छेद म्हणजे नाव नोंदलेली आणि त्या महिन्यात मोजलेली मुलं. सर्वेक्षणाचा छेद म्हणजे निवडलेल्या घरांत सापडलेली सगळी मुलं, अंगणवाडीत येवोत न येवोत. काळही वेगळा. महाराष्ट्रात एनएफएचएस-५ चं काम पहिल्या टप्प्यात, १७ जून २०१९ ते ३० जानेवारी २०२० च्या दरम्यान झालं, म्हणजे कोविडच्या आधी. अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, आलं मार्च २०२१ मध्ये. तुम्ही एका काळातल्या सर्वेक्षणाशी दुसऱ्या काळातली नोंद ताडून पाहताय, हे अहवालात पहिल्याच पानावर यायला हवं.

बीटांची क्रमवारी कुपोषणावर लावूच नका. आधी मोजमापाची तपासणी लावा. प्रत्येक बीटासाठी चार गोष्टी काढता येतील. नोंदलेल्यांपैकी किती मुलांची उंची त्या महिन्यात खरोखर घेतली. उंचीचा शेवटचा अंक ० किंवा ५ किती वेळा येतो. मिलिमीटरपर्यंत नीट मोजलं तर हे दोन अंक मिळून २० टक्क्यांच्या आसपास यायला हवेत, निम्म्याहून जास्त आले तर अंदाजाने लिहिलंय. मागच्या महिन्याचीच उंची किती मुलांना चिकटवली आहे. आणि झेड-स्कोअरचं प्रमाण विचलन किती. उंची-वयाचं ते १ च्या आसपास हवं, १.३ च्या बराच वर गेलं तर वयात किंवा मापात घोळ आहे असं समजा. सगळ्यांची उंची सारखीच ‘ठीक’ लिहिली असेल तर ते उलट संशयास्पद कमी येतं, तेही पाहा.

या चार गोष्टींत जे बीट उत्तीर्ण होईल त्याचाच कुपोषणाचा आकडा छापा. बाकीच्यांपुढे आकडा न देता ‘मोजमाप पुन्हा हवे’ असं लिहा. मग तुमचं ते नीट मोजणारं बीट शेवटी राहणार नाही, ते आकडा असलेल्या रकान्यात येईल.

आणखी एक. दोन वर्षांच्या सीमेवर लक्ष ठेवा. त्याखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घेतात, वरच्याची उंची उभं करून. दोन्हींत ०.७ सेंमीचा फरक धरतात. दीड वर्षाच्या मुलाला उभं करून मोजलं असेल तर ०.७ मिळवावे लागतात. सेविकेने कसं मोजलं याची नोंदच नसते बहुतेक ठिकाणी, म्हणून तुमच्या टीमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नक्की ठेवा.

आणि स्वतःच्या निवडक गावांवरून तालुक्याचा आकडा ठासून सांगू नका. ६० मुलांत ३५ टक्के आले तर साध्या यादृच्छिक नमुन्यातही कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण २३ ते ४७ पर्यंत जातो. गावांचे गठ्ठे असल्यामुळे तुमचा त्याहून रुंद असेल.

---

बीटवरची ताई:

तळजाई ताई, मी पर्यवेक्षिका आहे, जिल्हा सांगत नाही. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आकडा कमी का आला हे कोणी विचारत नाही. जास्त आला की मात्र खुलासा मागतात. त्यातूनच सेविका शिकते काय लिहायचं ते.

पण सगळं मुद्दाम होतं असं समजू नका. लहान मुलाची लांबी घ्यायला दोन माणसं लागतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करून पाय दाबायचे. मदतनीस त्या वेळी खिचडीच्या पातेल्याजवळ असते. मूल रडतं, आई म्हणते राहू द्या. वजन एकटीने होतं, म्हणून वजन दर महिन्याला खरं असतं आणि उंची जुनी. तुम्ही कमी वजनाचा आकडा उंचीच्या आकड्यापासून वेगळा बघा, तो तुम्हाला जास्त विश्वासाचा मिळेल.

लुकडेपणासाठी उंची लागतेच. तिथे दंडघेर कामाला येतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली असेल तर ते सॅम, मग उंची कशीही लिहिलेली असो. पट्टीला दुसरं माणूस लागत नाही. पण वजन-उंचीत सापडणारी सगळी मुलं दंडघेरात सापडत नाहीत आणि उलटही तसंच, म्हणून दोन्ही बघा.

आणि ऊसतोडीची मुलं. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. तुमच्याकडे कारखान्यांवर बीड आणि नगरकडून माणसं येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. ती मुलं गावच्या अंगणवाडीत नाव ठेवून आलेली असतात, कारखान्याच्या गावी कुणाच्या वहीत नसतात. तिकडे ‘गैरहजर’, इकडे नाहीतच. तुमची टीम जानेवारीत गावात गेली असेल तर कोप्यांवर गेली होती का? नसेल तर जा, आणि त्यांची वेगळी ओळ द्या. गावच्या टक्केवारीत मिसळू नका, बुडून जाईल.

---

तळजाई:

दोघांचेही मनापासून आभार. संख्याकारण, पीआर फाइल लावून पाहिली, राज्याचा खुजेपणा ३५.२ आला. दिवसभर डोक्यावर ओझं होतं ते उतरलं.

ताई, कोप्यांवर टीम गेली नव्हती. निवड गावच्या घरयादीवरून झाली होती आणि घरयादीत कोप्या नाहीत. या हंगामात कारखान्याच्या शेतकी विभागाकडून टोळ्यांची यादी मागून त्यांचा वेगळा नमुना घेऊ, असं आज वरिष्ठांशी बोलले. ते तयार आहेत. क्रमवारीऐवजी मोजमापाचा तक्ता देण्यालाही हो म्हणाले, एवढंच की तो एका पानात बसायला हवा.

परिशिष्टाचं आणि जन्मतारखांचं कुणी सांगू शकेल का?

---

कर्वेरोड:

जन्मतारखांची मुलं वगळू नका. खरी तारीख माहीत नसल्याने १ जून लागलेली मुलं बहुधा गरीब घरची, घरी जन्मलेली किंवा स्थलांतरित असतात. ती काढलीत तर कुपोषण आपोआप कमी दिसेल. त्यांचं वय पुन्हा विचारा. माता व बाल संरक्षण कार्ड असेल तर त्यावरची तारीख घ्या. नसेल तर आईला तारीख विचारू नका, पोळ्याच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, थोरल्याची शाळा सुरू झाली होती का, असं विचारत महिना पक्का करा. आम्ही गावाच्या घटनांचं कॅलेंडर आधी बनवून न्यायचो. हा वेळ वाया जात नाही. दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यक उंची ८७ सेंमीच्या आसपास असते, पुढच्या तीन महिन्यांत ती साधारण अडीच सेंमीने वाढते, आणि त्या वयात एक एसडी (प्रमाण विचलन) म्हणजे तीन सेंमीच्या आसपास. म्हणजे वय तीनच महिने जास्त लिहिलं तर चांगलं वाढणारं मूलही जवळपास ०.८ एसडीने खाली घसरतं. ज्यांचा महिना पक्का झाला नाही त्यांचा खुजेपणा काढू नका, पण लुकडेपणा आणि दंडघेर जरूर ठेवा, त्याला वय इतकं काटेकोर लागत नाही.

परिशिष्टात गाववार यादी नकोच. पाचपेक्षा कमी मुलं येतील तिथे गावं जोडून बीटाचा आकडा द्या. आणि बेरीज-वजाबाकी करून लपवलेला आकडा काढता येत नाही ना, हेही तपासा. एकच गाव लपवलं तर तालुक्याच्या बेरजेतून ते लगेच निघतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय. निधी देणाऱ्यांना हे पत्र लिहून कळवा, तोंडी नको.

मात्र तुमच्या टीमला मोजताना जी सॅम मुलं सापडली, त्यांची नावं अहवालाची वाट बघत ठेवू नका. आईवडिलांना सांगून त्याच आठवड्यात सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पोचवा. फॉर्मवर संमती घेताना तशी ओळ आहे का?

---

तळजाई:

ओळ आहे, संमतीपत्रात सुरुवातीपासून आहे, आणि नावं त्याच वेळी आरोग्य केंद्राला दिली होती. किती मुलं खरोखर तपासली गेली याचा पाठपुरावा मात्र कागदावर नाही. उद्या फोन करून तो गोळा करायला घेते, आणि तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवते.