गावातल्याच हॉटेलात शनिवार-रविवार: चैन की येडेपणा?

पैठणगेट_पलीकडं
काल इथं एका काकांनी लिहिलं, "घर संभाजीनगरच्या सिडकोत असताना नवरा-बायकोनं जालना रोडच्या हॉटेलात रात्र काढणं म्हणजे पैशाला वाळवी. तेवढ्यात वेरूळ, म्हैसमाळ, घृष्णेश्वर सगळं होतं." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लांबलचक उत्तर.

काका, वेरूळ होतं, पण सुट्टी होत नाही. रविवारी सकाळी डबा बांधा, दौलताबादच्या दरवाजात गाड्यांच्या रांगेत बसा, उन्हात कैलास लेणं चढा-उतरा, संध्याकाळी घरी येऊन परत कुकर लावा. हॉटेलात पैसे खोलीचे देत नाही माणूस. दुपारी २ ते दुसऱ्या दिवशी १२ असे २२ तास ओट्याजवळ जायचं नाही, त्याचे देतो. जोडप्यातल्या कुणाला हे जास्त कळतं ते सांगायला नको.

फक्त रात्र नीट निवडा. शनिवार नको, रविवार घ्या. आपल्याकडची बरीच हॉटेलं वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांवर चालतात, सोमवार ते गुरुवार भरलेली. रविवारी रात्री रिकामी, म्हणून दर उतरतो. सोमवारची रजा टाका. सोमवारी अजिंठा बंद, वेरूळ चालू (ते मंगळवारी बंद). म्हणजे काकांचं समाधानही वाटेत होऊन जाईल.

देवगिरी_काका
तो काका मीच. समाधान वगैरे राहू द्या. २२ तास म्हणायलेत, त्यातले ८ झोपेत गेले. २ ला पोचलात तर "खोली तयार होतेय, बसा", म्हणजे ३ वाजले. सकाळी ११ पासून रिसेप्शनचा फोन, "सर, चेकआउट?" हातात राहिले किती? झोप घरी फुकट होते.

आणि ओट्याचंच म्हणत असाल तर दोन वेळचं जेवण बाहेर करा. गुलमंडीवर नाश्ता, रात्री नान-खलिया. हजारात दोघं पोटभर जेवतात.

रात्रपाळी_काउंटर
काकांचा हिशेब खरा आहे, पण त्यावर इलाज आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी थेट हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला फोन करायचा, अॅपच्या कॉल सेंटरला नाही. रविवारी १२ ला चेक-इन आणि सोमवारी २ ला चेकआउट मागायचं. रिकामी रात्र असली की मिळतं, फक्त बुकिंगवर लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं पुढच्या पाळीला माहीत नसतं. दरही तेव्हाच विचारा. अॅपला १५ ते २५ टक्के कमिशन जातं, त्यातलं थोडं सोडायला हॉटेल तयार असतं.

खोली मागताना तीन गोष्टी. लॉनच्या बाजूची नको. लिफ्टला आणि मजल्यावरच्या पँट्रीला चिकटून नको, पहाटे ५ पासून ट्रॉल्या वाजतात. मधल्या दाराची जोडखोली नको. त्या दारातून पलीकडच्या टीव्हीच्या बातम्या शब्दन् शब्द ऐकू येतात.

बीडबायपास
लॉनचं बोललात ते बरं झालं. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद हा नियम २००० सालापासून आहे. आपल्याकडं १० ला वरात दारात येते! आषाढी ते कार्तिकी एकादशी मुहूर्त नसतात, तेवढे चार महिने हॉटेलं शांत. बाकी वर्षभर बुकिंगआधी एकच प्रश्न: "त्या दिवशी लॉनवर लग्न आहे का?" उत्तर आडवळणाचं आलं की समजून जा.

खतावणी_नांदेड
कुणी कराचं बोलायलंच तयार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८. मधे पायरी नाही, सरळ कडा आहे. ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. दरात फरक २००, बिलात ११९८.

खरी गोम नाश्त्यात. खोली ७,२०० आणि दोघांचा नाश्ता ८००, असं एकच ८,००० चं पॅकेज घेतलं तर सगळ्यावर १८ टक्के, म्हणजे ९,४४०. नुसती खोली घेतली तर ७,५६०. नाश्ता खाली जाऊन वेगळा खाल्ला, त्यावर १८ टक्के लागले तरी ९४४. बेरीज ८,५०४. "नाश्ता फ्री" वाचून हुरळणाऱ्यांनी ही वजाबाकी करावी.

रेस्टॉरंटला ५ की १८ तेही विचारा. गेल्या आर्थिक वर्षात त्या हॉटेलची एक खोली जरी ७,५०० च्या वर गेली असेल तर जेवणावर १८. आणि सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. तसं सांगणाऱ्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. काढा म्हटलं की काढावा लागतो.

गोदाकाठ_मुलगी
सगळे दर आणि कर! मूळ अडचण कुणी लिहीनाच. स्थानिक आधार कार्ड बघितलं की बरीच हॉटेलं खोली देत नाहीत. गावातल्या माणसाला गावातच खोली कामून लागते, असा तो तिरका चेहरा. लग्न झालेलं असलं तरी. सज्ञान जोडप्याला, लग्नाचं असो नसो, मनाई करणारा कायदा नाही. हे हॉटेलचं स्वतःचं धोरण असतं. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा, कारण परत न मिळणाऱ्या दरात बुकिंग केलं तर दारातून परत फिरूनही पैसे जातात. ओळखपत्र दोघांचं लागतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते चालत नाही. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

रात्रपाळी_काउंटर
तिरका चेहरा मान्य. पण स्थानिक मंडळींपैकी काही जण खोली दोघांची घेतात आणि रात्री दहा-दहा पोरं बोलावून पार्टी करतात, नुकसान आमच्या माथी. सरसकट नकार चुकीचा, हेही खरं.

लातूर_कोरडवाहू
एवढं सगळं झालं, आता फोटो टाका ना बाथटबाचे, गुलाबाच्या पाकळ्यांसकट. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. नाथसागर पैठणला, उशाशी, तरी संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. आणि त्याच गावात दोन माणसं टब भरून लोळणार. लाज वाटायला पाहिजे.

पैठणगेट_पलीकडं
लाज काढायचं काम नाही भाऊ. ऊस पिकवणाऱ्याला कधी विचारलंत का हा प्रश्न?

लातूर_कोरडवाहू
रोज विचारतो. तुम्ही टबाचं बोला.

नळजोडणी_जालना
टबाचं मी बोलतो, हॉटेलांचं प्लंबिंगच करतो. साधा टब माणूस आत बसल्यावर साधारण १५० लिटर घेतो. शॉवर मिनिटाला ८-१० लिटर. १५ मिनिटं उभं राहिलात की तेवढंच झालं. टबाला शिव्या आणि शॉवरखाली गाणी, हे बरं आहे.

शिवाय खोलीत २५ लिटरचा गीझर असेल तर टब भरतच नाही. ६० अंशाचं २५ लिटर, २५ अंशाच्या गार पाण्यात मिसळून ४० अंशाचं करा, जेमतेम ५८ लिटर होतं. टबाला ६४ लिटर कढत पाणी लागतं. म्हणून अर्धा टब कोमट, आणि रिसेप्शनला तक्रार. टबाची खोली घ्यायची तर "गरम पाणी सेंट्रल लाइनचं की गीझरचं" हे विचारा.

सेंट्रल असली तरी रिटर्न लाइन (गरम पाणी सतत फिरतं ठेवणारी परतीची नळी) आहे का बघा. नसली तर गच्चीपासून नळापर्यंतचं सगळं गार पाणी आधी ओतून द्यावं लागतं. २५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला अर्धा लिटर बसतं, ४० मीटरचे २० लिटर, तेही प्रत्येक आंघोळीला. मालक लॉबीत झुंबर लावतो, रिटर्न लाइनचा पंप वाचवतो.

देवगिरी_काका
आणि शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी येतच नाही, त्याचं काय?

नळजोडणी_जालना
बोअरचं जड पाणी. क्षार भोकांत बसतात, मग धार आडवी उडते. रबरी टोकं असतील तर अंगठ्यानं चोळा, पांढरा चुरा निघतो, धार सरळ. काचेवर वाळलेले पांढरे ठिपके दिसले की त्या हॉटेलचा सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बंद आहे किंवा त्यात मीठ टाकलेलं नाही. साबणाला फेस येणार नाही, केसांचा झाडू होईल. उलट साबण अंगावरून निघतच नाही असं वाटलं तर सॉफ्टनर चालू आहे, घाबरू नका.

लातूर_कोरडवाहू
बोअर कोरडी पडली की टँकर. म्हणजे शेजारच्या गावाच्या विहिरीतनं. तुमच्या शॉवरच्या भोकांची चिंता करायला आम्ही हायेतच.

रात्रपाळी_काउंटर
लातूरकर, खरं पाणी लाँड्रीत जातं, ते कुणाला दिसत नाही. चादर, रजईची खोळ, उशांचे अभ्रे, चार टॉवेल मिळून एका खोलीचे ४-५ किलो कपडे. किलोला १० ते २० लिटर पाणी. म्हणजे रोज ४० ते १०० लिटर. पाकळ्या टाकल्या तर आणखी. त्यांचा डाग पांढऱ्या चादरीतून एका धुण्यात जात नाही, मग परत धुवा, नाहीतर पाहुण्याच्या बिलात लावा. एकाच रात्रीचा मुक्काम सगळ्यात वाईट, कारण सगळंच्या सगळं धुवायला जातं.

देवगिरी_काका
बघा! एक रात्र वाईट हे आता हॉटेलवालाच म्हणतोय. मी काय वेगळं बोललो होतो?

पैठणगेट_पलीकडं
मग दोन रात्री राहतो, काका. आपल्या सल्ल्याबद्दल आभारी आहे.

गोदाकाठ_मुलगी
दोन रात्री राहणाऱ्यांसाठी: टॉवेल हुकावर टांगला तर परत वापरणार, खाली टाकला तर बदला, अशी पाटी बाथरूमात असते. तरी सफाईवाले सगळंच उचलून नेतात.

रात्रपाळी_काउंटर
पाटीच्या भरवशावर राहू नका. सकाळी ९ च्या आत हाउसकीपिंगला फोन करून "चादर-टॉवेल नको, फक्त कचरा आणि पाण्याच्या बाटल्या" असं सांगा. नोंद पाळीच्या कागदावर जाते, मग कुणी हात लावत नाही.

लातूर_कोरडवाहू
हे एक कामाचं बोललात. टब मात्र कोरडाच ठेवा, त्यात बॅगा ठेवायला जागा चांगली असते.