मदत हवी आहे: घरचे म्हणतात सांगू नका, पेशंट मात्र विचारतोय

नमस्कार. मी हॉस्पिसमध्ये (बरं न होणाऱ्या आजारात शेवटपर्यंत काळजी घेतात तिथे) मेडिकल सोशल वर्कर आहे. एका आजोबांना तोंडाचा कॅन्सर, शेवटची स्टेज. मुलाने दारातच बजावलं, "बाबांना कळू देऊ नका, हाय खातील." आजोबांना बोलता येत नाही, पाटीवर लिहितात, "ताई, खरं सांगा. व्हेंटिलेटर नको."

2023 पासून लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. पण आजारच माहीत नसलेल्या माणसाची सही घ्यायची कशी? खोटं मी बोलणार नाही. मुलाला डावलून सांगितलं तर तो त्यांना उचलून घरी नेईल, वेदनेवरचं मॉर्फिनही सुटेल. (मुलगा वाईट नाही, घाबरलाय.)

अशा नातेवाइकांशी तुम्ही बोलायला सुरुवात कशी केलीत? आणि डॉक्टरांना सोबत घ्यावं की आधी एकटीने बोलावं?