फोन झोपला की कॉलही झोपतो: सस्पेंडचा हट्ट कशासाठी?

ओमॅपप्रेमी: "स्क्रीन बंद झाली की सस्पेंड झालंच पाहिजे, नाहीतर लिनक्स फोन संध्याकाळ गाठणार नाही," असं काल इथे कुणीतरी ठासून लिहिलंय. सस्पेंड म्हणजे बॅटरी वाचवायला अख्खा फोन झोपवणं. अहो, फोन म्हणजे लॅपटॉप नव्हे! लॅपटॉप झोपला तर कुणाचं अडत नाही. फोन मात्र खिशात पडून असतानाच कामाला लागतो. २००९ चा नोकिया एन९०० आठवा. १३२० एमएएचची बॅटरी, सस्पेंड-टू-रॅम (मेमरी तेवढी जागी ठेवून बाकी सगळं झोपवणं) नाहीच. जो भाग रिकामा, तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथल्या तिथे बंद करायचा, त्यातली ओमॅप चिप ऑफ-मोडपर्यंत, म्हणजे जवळजवळ बंद होईपर्यंत, उतरायची आणि कॉल आला की वाजायचा.

रात्रपाळी: एन९०० चं कौतुक पुरे. त्या चिपमागे मोठ्या कंपनीची पगारी माणसं होती. पाइनफोन या लिनक्स फोनची चिप, ऑलविनर ए६४, घ्या. क्रस्ट नावाचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) येईपर्यंत तिला धड झोपताही येत नव्हतं. आता मुख्य कोअर बंद होतात, चिपमधला छोटा एआर१०० प्रोसेसर पहाऱ्याला राहतो आणि कॉल आला की मॉडेमची, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाची, रिंग लाइन फोनला उठवते. आधी एक रात्र सस्पेंड बंद ठेवा, सकाळी टक्के बघा, मग बोला.

ओमॅपप्रेमी: उठवते, मान्य. पुढे काय? माझ्या फोनवर रिझ्यूम झालं, म्हणजे फोन जागा झाला, की मॉडेम यूएसबीवरून गायब, परत सापडायला दहा-बारा सेकंद. बाबांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा आईने तीनदा फोन केला. फोन उशाशीच होता. स्क्रीन उजळलेली मी डोळ्यांनी बघितली, पण आवाज नाही. मॉडेम भानावर येईपर्यंत पलीकडे फोन ठेवलेला. बॅटरी ८१ टक्के. काय करू त्या ८१ टक्क्यांचं?

कर्नलवाचक: सगळं दुखणं अँड्रॉइडच्या वेकलॉकपासूनचं, म्हणजे फोनला झोपू न देण्याच्या सोयीपासूनचं आहे. २००९ मध्ये ती लिनक्स कर्नलात घालायचे पॅचेस आले, २०१० मध्ये "सस्पेंड ब्लॉकर" नावाने पुन्हा आले, केवढी भांडणं झाली! सदान्‌कदा झोपायचं आणि ज्या अ‍ॅपला वाटेल त्याने जागं ठेवायचं, ही रीतच चुकीची.

रात्रपाळी: अर्धवट सांगू नका. २०१२ मध्ये ३.५ कर्नलात ऑटोस्लीप (काम नसेल तर आपोआप झोपणं) आलं, वेकअप सोर्सेसच्या, म्हणजे कोण जागं ठेवतंय या हिशेबाच्या जोरावर. तो हिशेब नसेल तर कॉल येतोय त्याच क्षणी फोन झोपायला निघाला, असं होऊ शकतं. wakeup_count ची फाइल त्याचसाठी आहे.

कर्नलवाचक: मला शिकवू नका, ती फाइल मी रोज हाताळतो. डेस्कटॉपची अ‍ॅप्स मिनिटामिनिटाला टायमर लावून उठतात, त्यांना आवरा. ती गप्प बसली तर चिप आपोआप खोल आयडलमध्ये, म्हणजे सस्पेंडशिवायच अगदी कमी विजेवर जाईल. मी एका मेल क्लायंटचा पोलिंग टायमर (ठरावीक वेळाने नवी मेल तपासणारा) काढून टाकला, तेवढ्यानेही फरक पडला.

रात्रपाळी: हजार अ‍ॅप्स कोण दुरुस्त करणार, तुम्ही?

ओमॅपप्रेमी: वेकलॉकचा वाद दुसरीकडे घाला. माझा प्रश्न कॉलचा आहे.

रात्रपाळी: दवाखान्याचं वाचून वाईट वाटलं. ठीक आहे, कॉल चुकत असेल तर ते सस्पेंड अपुरंच, एवढं मान्य करतो. मॉडेम सांभाळणाऱ्या मॉडेममॅनेजर या प्रोग्रॅममध्ये क्विक सस्पेंड-रिझ्यूमचा (झटपट झोपून झटपट उठण्याचा) चाचणी पर्याय आहे. सस्पेंडमध्ये मॉडेमची वीज तोडू नका आणि तो लावून बघा.

ओमॅपप्रेमी: आज रात्रीच लावतो. पण आईकडे दुसऱ्या, साध्या फोनचा नंबर दिलाय. तो काढायला मी तिला इतक्यात सांगणार नाही.