शटलवर्थ संग्रहातील जुनी विमाने उडताना पाहण्यासाठी कोणता दिवस निवडावा?

प्रश्न : ओझरकर
माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आधी मिग-२१ आणि शेवटी सुखोईच्या जुळणीवर काम करून ते निवृत्त झाले. उन्हाळ्यात आम्ही बहिणीकडे लंडनला जाणार असून, बेडफर्डशायरमधील ओल्ड वॉर्डनचा शटलवर्थ संग्रह पाहण्याची एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली आहे. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात वापिटी हे जुने विमान पाहून त्यांना आनंद झाला, पण इंजिनाचा आवाज ऐकायचा राहिला, ही रुखरुख आहे. हाती एकच दिवस आहे. कोणता निवडावा?

उत्तर : पंचवटीकर
प्रात्यक्षिकांचा दिवसच निवडा आणि तो संध्याकाळचा असल्यास उत्तम. तिथले १९०९ चे ब्लेरिओ विमान २५ अश्वशक्तीचे आहे. त्याचा तोल पंखांची टोके पिळून सांभाळतात, त्यामुळे वारा पडल्याखेरीज ते बाहेर काढत नाहीत आणि काढले तरी गवताच्या धावपट्टीवर सरळ, छोटी झेप घेऊन उतरवतात. आम्ही गेलो तेव्हा वारा शेवटपर्यंत पडला नाही, ब्लेरिओ हँगरमध्येच राहिले. मन तेवढे घट्ट करून जा. बिगल्सवेड स्थानकापर्यंत रेल्वेने जाता येते. पुढे टॅक्सी आधी ठरवून ठेवा. वडिलांसाठी घडीची खुर्ची अवश्य न्या.

उत्तर : जुना मेकॅनिक, नाशिकरोड
काकांना ॲव्रो ५०४ के हे जुने विमान सुरू होताना जवळून पाहू द्या. त्याच्या रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) स्थिर असतो आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरतात. पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतूनच) जात असल्याने पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे एरंडेल वंगण म्हणून वापरतात. ते परत टाकीत न येता धुराबरोबर बाहेर फेकले जाते. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडतो, त्यामुळे आवाज मध्येच थांबतो आणि पुन्हा उसळतो. इंजिन बिघडले, असे प्रथम ऐकणाऱ्याला हमखास वाटते. चाळीस वर्षे जेट इंजिने ऐकलेल्या कानांना हा आवाज ऐकवायलाच हवा.

ओझरकर
दोघांचेही मनापासून आभार. उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. एरंडेलाचे ऐकून ते उठून बसले आणि त्या सिलिंडरांना पेट्रोल नेमके कुठल्या वाटेने पोहोचते, ते कागदावर काढून दाखवायला सांगू लागले. मेकॅनिककाका, एखादी आकृती इथे टाकाल का? संध्याकाळच्या प्रात्यक्षिकाची तिकिटे बहीण आजच पाहते आहे.