‘नियमन’ की ‘नियंत्रण’?

प्रश्न : अर्थविषयक लेखांत ‘नियमन’, ‘नियंत्रण’ आणि ‘निर्बंध’ सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘सरकारने बाजारावर नियंत्रण ठेवावे’ आणि ‘बाजाराचे नियमन करावे’ यांत खरेच फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. व्युत्पत्तीने तो कळत नाही, कारण पहिले दोन्ही शब्द ‘यम्’ (आवरणे) याच धातूकडे जातात. वापराने कळतो. नियंत्रण बाजारावर असते, नियमन बाजाराचे असते. नियंत्रण सुटते, नियमन सुटत नाही. निर्बंध लादतात, शिथिल करतात, उठवतात. आइसलँडने २००८ साली पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये उठवले. तिथे ‘नियमन उठवले’ कोणी लिहिणार नाही.

लिहिताना एवढे विचारावे : नियम लागू झाल्यावर भाव कोण ठरवतो? १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेत निक्सन यांनी किमती आणि वेतन ९० दिवसांसाठी गोठवले, ते नियंत्रण. १९८८ च्या बासेल कराराने (बँकांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) बँकांना जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीप्रमाणे कमी-जास्त भार देऊन मोजलेल्या कर्जांच्या, किमान ८ टक्के स्वतःचे भांडवल ठेवायला लावले, ते नियमन; कर्ज कोणाला आणि कोणत्या व्याजाने द्यायचे, हे बँकच ठरवते. १०० च्या कर्जात ८ बँकेचे, ९२ ठेवीदारांचे. ५ बुडाले तर बँकेच्या पदरचे जातात. पदरचे २ च असते, तर ३ ठेवीदारांचे गेले असते, आणि त्या धास्तीने इतर ठेवीदारही पैसे काढायला धावले असते. बँकेचे स्वातंत्र्य थोडे आवळले, ते ठेवीदाराचे पैसे वाचावेत म्हणून.

दुसरे मत : सीमारेषा इतकी स्वच्छ नाही. त्याच करारात उद्योगाच्या कर्जाला १०० टक्के भार होता, म्हणजे पूर्ण रक्कम मोजायची, आणि घरकर्जाला ५०, म्हणजे निम्मीच. त्यामुळे घरकर्जाच्या १०० मागे ४ भांडवल पुरे. व्याज बँक ठरवते खरे, पण पैसा कुठल्या बाजूला झुकेल ते या आकड्याने ठरते. अशा ठिकाणी नुसते ‘नियमन’ लिहून भागत नाही, भार किती तेही लिहावे.

उत्तर : मान्य. ही भर हवीच होती.

पुरवणी : ‘भाव स्थिर ठेवणे’ हाही फसवा प्रयोग. मध्यवर्ती बँक सांभाळते ती एकूण भावपातळी, आणि तीही गोठवून नव्हे. अनेक देशांत वर्षाला २ टक्के वाढीचे लक्ष्य असते. एकेका वस्तूचा भाव हलायलाच हवा. तो खाली दाबून धरला की उत्पादक माल कमी आणतो, रांगा लागतात, काळा बाजार सुरू होतो. म्हणून ‘भावपातळीचे स्थैर्य’ असे पूर्ण लिहावे.

आणखी एक : ‘व्यवसायाची मुभा’ म्हणजे व्यवसायाचे स्वातंत्र्य नव्हे. ‘मुभा’ अरबी ‘मुबाह’वरून आला; मुभा कोणीतरी देतो, आणि देणारा ती काढूनही घेऊ शकतो. परवान्याबद्दल लिहिताना ‘मुभा’ चालेल, हक्काबद्दल लिहिताना नाही.