पाच जोडतारांपासून सहा सुट्या तारांपर्यंत: गिटार कशी घडली?

षड्जपंचम यांचा प्रश्न:

मी नायलॉनच्या तारांची अभिजात गिटार शिकत आहे. तिच्या उगमाविषयी वाचताना दोन विधाने वारंवार समोर येतात. पहिले असे की, आजच्या तुर्कस्तानातील अलाजा ह्युयुक येथील प्राचीन हित्ती लोकांच्या शिल्पात कोरलेले, कमरेत आत गेलेले तंतुवाद्य ही गिटारची पूर्वज आहे. दुसरे असे की, अरबांनी स्पेनमध्ये नेलेल्या ऊद या तंतुवाद्यापासून गिटार निघाली. सतराव्या शतकातील चित्रांत मात्र पाच जोडतारांची (म्हणजे एकत्र छेडायच्या तारांच्या पाच जोड्यांची), अरुंद अंगाची गिटार दिसते. ती गिटार आणि माझ्या हातातील गिटार यांच्या दरम्यान नेमके काय घडले, आणि ऊदचा दावा कितपत ग्राह्य धरावा?

जुनी तबली:

हित्ती शिल्पातील वाद्य गिटारसारखे दिसते हे खरे. परंतु मधल्या सुमारे अडीच हजार वर्षांची अखंड साखळी कोणी दाखवलेली नाही, त्यामुळे केवळ आकारसाम्यावरून वंशावळ मांडणे मला पटत नाही. ऊदचे म्हणाल तर, त्याची पाठ फुगीर असते, त्याला कंबर नसते आणि पडदेही नसतात. त्याचा थेट वंशज युरोपीय ल्यूट होय. तेराव्या शतकात कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारी तयार झालेल्या भक्तिगीतांच्या सचित्र हस्तलिखितात गोल पाठीची आणि कंबर असलेली, अशी दोन्ही प्रकारची वाद्ये रंगवलेली आहेत. म्हणजे दोन्ही घराणी तेव्हाच स्पेनमध्ये शेजारी शेजारी नांदत होती.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये दोन वाद्ये होती: सहा जोडतारांची, दरबारात मानाचे स्थान असलेली विउएला आणि तिच्याहून लहान, चार जोडतारांची गिटार. आलोन्सो मुदारा याने १५४६ साली सेव्हिल येथे छापलेल्या संग्रहात मुख्यतः विउएलाच्या रचना आहेत, तरी त्यातच या चारजोडी गिटारसाठीच्याही काही रचना आहेत. पुढे पाचवी जोडी आली, सुरांचे गुच्छ धरून गाण्याला झपाट्याने साथ करण्याची पद्धत लोकप्रिय झाली आणि विउएला मागे पडली. १५९६ मधील आमातची आणि १६७४ मधील गास्पार सान्स याची पुस्तके याच पाचजोडी गिटारची आहेत.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते गिटारच्या इतिहासाची किल्ली तिच्या तारांत आहे. त्या काळच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या, म्हणजे तातीच्या असत. तात खर्जासाठी जाड केली की ती ताठर होते आणि आवाज बोथट येतो. म्हणून खालच्या तारेच्या जोडीला एक सप्तक वरची बारीक तार लावून तिला उजाळा देत असत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची बारीक तार गुंडाळलेल्या तारा मिळू लागल्या आणि एकच तार खर्जाला पुरेशी ठरली. पुढे पाचांना सहावीची भर पडली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इटली व फ्रान्समध्ये सुट्या तारा रूढ झाल्या. स्पेनमध्ये मात्र काही काळ सहा जोड्या टिकून होत्या. सोर आणि जुलियानी या गिटारवादक-रचनाकारांच्या पिढीच्या हाती सहा सुट्या तारांची गिटार आलेली होती.

शिसव:

वरील उत्तरात वाद्य घडवणाऱ्यांच्या बाजूची भर घालतो. सोरची गिटारही आजच्या मानाने लहानच होती. आजचा आकार आणि घोडीपासून वरच्या टोकापर्यंतची सुमारे ६५ सेंटिमीटर तार हे प्रमाण रूढ केले ते आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी. तबलीच्या, म्हणजे वाद्याच्या पुढच्या फळीच्या, आतून पंख्यासारख्या लावलेल्या पट्ट्या त्यांनीच शोधल्या असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. सेव्हिलचा सांगिनो आणि कादिझचे पाखेस यांच्या अठराव्या शतकातील गिटारींतही तशा पट्ट्या आढळतात. तोर्रेस यांचे श्रेय वेगळे आहे: त्यांनी तबली मोठी, पातळ आणि किंचित उंचावलेली केली, व त्या पट्ट्यांची रचना तिच्याशी नेमकी जुळवली. ध्वनी मुख्यतः तबलीतून येतो हे दाखवण्यासाठी १८६२ साली त्यांनी पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. प्रयोग म्हणून तो मला आजही विलक्षण वाटतो.

अमेरिकेत वेगळे वळण लागले. सॅक्सनीतून १८३३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात फुलीच्या आकाराच्या पट्ट्या आल्या. त्या तातीच्या तारांसाठीच होत्या. परंतु पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा तीच रचना उपयोगी पडली. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलो असतो, तर पोलादी तारांचा ७० किलोच्या वर जातो. पंख्याची नाजूक रचना तो सहसा पेलू शकत नाही. ब्राझीलचे शिसव दुर्मीळ झाल्यावर याच मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. पश्चिम घाटातही वाढणारे ते झाड आज जगभरच्या गिटारींच्या पाठीला वापरले जाते.

मींडखंड:

पोलादी तारेचा आणखी एक परिणाम नोंदवायला हवा. विद्युत गिटारमध्ये चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो तो लोखंडी तार हलल्यामुळे. तात किंवा नायलॉन तिथे निरुपयोगी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बीचम आणि रिकनबॅकर यांनी विकायला काढलेली विद्युत गिटार ही मांडीवर आडवी ठेवून, धातूचा तुकडा सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. त्याच सरकत्या वादनातील मींड आपल्याकडे रागसंगीताला सोयीची ठरली आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिला मैफलीत प्रतिष्ठा दिली.

षड्जपंचम:

सर्वांचे आभार. मग माझ्या नायलॉनच्या तारा किती जुन्या? आणि सान्सच्या रचना मी सहा तारांवर वाजवतो, त्यात काही गमावतो का?

जुनी तबली:

नायलॉन १९४० च्या दशकातील आहे. महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात राखून ठेवली जाऊ लागली, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि विख्यात गिटारवादक सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. तोपर्यंत वरच्या सुरांच्या तीन तारा तातीच्या आणि खालच्या सुरांच्या तीन रेशमावर धातू गुंडाळलेल्या असत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. नाजूक वादनासाठी सान्स खर्जाच्या तारा लावूच नयेत असे सुचवतो. त्याची चौथी व पाचवी जोडी आजच्यापेक्षा एक सप्तक वर असते आणि सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या जोडीचा असतो. त्यामुळे त्याच्या धावत्या ताना एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उड्या घेतात आणि स्वर एकमेकांत मिसळत राहतात. आपल्या गिटारवर त्याच ताना मध्येच खर्जात कोसळतात. चौथ्या व पाचव्या तारेवरचे स्वर जमतील तिथे वरच्या सुरांच्या तीन तारांवर घ्या आणि आधीच्या तारेवरचे बोट शक्य तितका वेळ उचलू नका.