मदत हवी आहे: आईची पाठ, मुलाचा वाघ आणि नाताळची सुट्टी

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत जंगलात जायचं घाटतंय. पुण्याहून आम्ही चौघं: मी, नवरा, तिसरीतला मुलगा आणि माझी आई. हाताशी जेमतेम पाच दिवस, त्यात प्रवासही आला.

आई सत्तरीला टेकलीय, मणक्याचं दुखणं आहे. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, पण रिक्षाने खड्ड्यात एक दणका दिला की पुढचे दोन दिवस पट्टा बांधून बसते. तिला जंगल बघायचंय, वाघाचं काही पडलेलं नाही. "पहाटे पाखरं ऐकू आली तरी पुष्कळ," म्हणते. चिरंजीव मात्र यूट्यूबवर ताडोबा बघून तयार झालेत. कुठली वाघीण कुणाची लेक, हे आम्हाला रोज जेवताना ऐकावं लागतं. नवऱ्याचंही मत, जायचं तर ताडोबालाच.

तर, सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीत आईला कितपत झेपेल? एक फेरी तीन-चार तासांची असते म्हणतात, मध्ये उतरायला मिळतं का? बाथरूमची सोय? (सत्तरीच्या बाईला हा प्रश्न वाघापेक्षा मोठा असतो, हसू नका.) की विदर्भातल्याच नागझिरा अभयारण्याचा विचार करावा? तिथे गर्दी कमी असते असं ऐकलंय. आईला रिसॉर्टवर ठेवून आम्ही तिघांनी फिरून यायचं, हा सल्ला कृपया देऊ नका. व्हरांड्यात बसवायला तिला राज्याच्या दुसऱ्या टोकाला कशाला न्यायचं?

प्रतिसाद

ताई, ताडोबाला नेहमी जाणं होतं, म्हणून स्पष्ट सांगतो. कोअरमधला, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यातला, मुख्य रस्ता बरा आहे, पण गाडी आतल्या कच्च्या वाटेला वळली की हाडं खिळखिळी होतात. त्यातून कुठे वाघ दिसल्याची खबर लागली की ड्रायव्हर गाडी अशी दामटतो की धडधाकट माणूसही दांडा घट्ट धरतो. मागची रांग थेट मागच्या चाकांवर येते, सगळ्यात जास्त उसळी तिथेच. आईंना पुढच्या रांगेत बसवा आणि गाइडला निघण्याआधीच सांगा की आम्हाला पळापळ नको, एखाद्या पाणवठ्यावर थांबू. चांगला गाइड अशा पाहुण्यांवर खूश असतो. इंजिन बंद करून बसलं की कळतं जंगल किती बोलतं. चितळ जरा काही हललं तरी ओरडतं; सांबर ओरडलं तर मात्र मान वळवावी, ते उगाच बोंब मारत नाही.

गाडीतून वाटेल तिथे उतरता येत नाही. ठरलेल्या थांब्यावरच उतरायचं, स्वच्छतागृहही तिथेच. आणि डिसेंबरात पहाटे उघड्या गाडीत थंडी हाडांत शिरते, कानटोपी आणि घोंगडी दोन्ही घ्या. थंडीने आखडलेल्या पाठीला दणके जास्त लागतात, म्हणून आईंना दुपारचीच फेरी बरी.

प्रतिसाद

नागझिऱ्याला जिप्सी काही वेगळी नसते हो, तेच खड्डे. जंगल मात्र देखणं, आणि गर्दीचं तुम्ही ऐकलंय ते खरं आहे.

ताडोबाचं ठरलंच तर आधी गेटचं आरक्षण, मग मुक्काम, सगळ्यात शेवटी रेल्वे. लोक नेमकं उलटं करतात आणि मोहर्लीच्या गेटला खोली, कोलाऱ्याच्या गेटला सफारी असा घोळ होतो. चंद्रपूरहून मोहर्ली जवळ, नागपूरहून आलात तर कोलारा सोयीचं. मंगळवारी कोअर बंद. आरक्षणाला जे ओळखपत्र दिलं त्याचीच मूळ प्रत सोबत हवी, आणि मोबाइल कोअरमध्ये नेऊ देत नाहीत, तेव्हा फोटोंसाठी कॅमेरा लागेल. नाताळच्या आठवड्यात आयत्या वेळी काही मिळेल या आशेवर राहू नका.

प्रतिसाद

मला मुळात विदर्भाचा हट्टच कळत नाही. आईंना पाखरं ऐकायची आहेत ना? मग नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य! नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. चापडगावला उतरायचं, स्थानिक गाइड घ्यायचा, त्याच्याकडे बहुतेक वेळा दुर्बीण असते. जिप्सी नाही, दणके नाहीत.

सकाळी सातला पोचा. पाण्यावर धुकं असतं, आधी नुसता कलकलाट ऐकू येतो, मग हळूहळू बदकं दिसायला लागतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात लांब बोटांनी देठ धरून सोलून खातात, अगदी आपण ऊस खातो तशा. आणि वाघवाल्या मुलाला भोवत्या दाखवा. हा शिकारी पक्षी पाण्यालगत उडत गेला की वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा अख्खा थवा पाण्यावर धावत सुटतो. वाघाची शिकार ताडोबात नेहमी जाणाऱ्यांनाही सहसा दिसत नाही, इथे हा पाठलाग एका सकाळी कितीतरी वेळा चालतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. घरात काल यावर बराच खल झाला. आईने भोवत्याचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला, नातवाने नाक मुरडलं. शेवटी तोडगा असा: नाताळात सगळे नांदूर मध्यमेश्वरला, आणि मे महिन्यात बापलेक दोघंच ताडोबाला. ऊन सोसायची तयारी आहे म्हणतात, पानगळीनंतर पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यताही जास्त. एक विचारायचं राहिलं: निरीक्षण मनोऱ्याचे जिने आईला चढावे लागतील का? आणि दुर्बीण विकत घ्यायची तर कुठली?

प्रतिसाद

मनोऱ्यावर चढलंच पाहिजे असं नाही, पाणी काठावरूनही छान दिसतं. वाट सपाट आहे, पण थोडं चालावं लागतं. घडीची खुर्ची गाडीत टाका, पाठीला टेकू असलेली, स्टूल नको. दुर्बीण ८ × ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. १० पटीची घेतली तर आईंच्या हाताच्या थरथरीने चित्र हलत राहील. शिवाय ८ पटीत दिसणारा भाग मोठा असतो, मुलालाही पक्षी चटकन सापडेल. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, पुण्या-नाशिकच्या गाड्या तेव्हाच येतात.